टेलरभाऊंच्या बायकोचा हरीरा

लेकरांचं ध्यान एका जागी बसवण्यात तिचा हात धरणारी बाई अख्ख्या एटापल्लीत नव्हती, आणि स्वतःचं ध्यान एका जागी न बसण्यातही तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या घरासमोर टेलरभाऊंचं दुकान, दुकानामागे त्यांचं घर आणि त्या घरात त्यांची ही बायको. गल्लीतली लेकरं तिला खाला म्हणायची, मी भाभी म्हणायची. कांदा चिरायला बसली की अर्ध्या कांद्यावरून उठून आलापल्लीची गाडी आली का ते पाहायला जाणार. गाडीतून उतरलेल्या कोणा बाईला तिच्या लेकीच्या बाळंतपणाचं विचारणार, ते ऐकता ऐकता दोरीवरचे कपडे आठवले की धावत परत येणार, आणि कपडे काढता काढता माझ्या ओट्याकडे तोंड करून म्हणणार, "बाई, मी काय करून राह्यली होती?" कांदा, असं मी सांगायची. बोलणंही असंच. एक गोष्ट सुरू केली की तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि पहिलीचं काय झालं ते विचारणाऱ्यालाच आपलं चुकलं असं वाटावं इतक्या भोळ्या डोळ्यांनी ती आपल्याकडे पाहायची. टेलरभाऊ मशीन चालवताना मान वर न करता म्हणायचे, माही सगळी जिंदगी टाके घालण्यात गेली, पण हिच्या बोलण्याचा धागा कुठी सुटते ते मले अजून सापडलं नाई.

पण हरीऱ्याचा गंज, म्हणजे तिचं ते मोठं पातेलं, चुलीवर चढला की हीच बाई खांबासारखी उभी राहायची. हरीरा म्हणजे दूधच, पण तसं म्हटलेलं तिला खपायचं नाही. चारोळी, गोडंबी, खसखस आणि खारीक रात्रभर भिजवून पाट्यावर बारीक वाटायची, दुधात थोडं तांदळाचं पीठ लावून ते सगळं मंद आचेवर शिजवायचं, वरून तूप, गूळ आणि सुंठ. शहरात यात बदाम घालतात म्हणे. भाभी म्हणायची, बदाम दुकानातून येते, चारोळी झाडावरून येते, लेकराले झाडाचं पाह्यजे. उन्हाळ्यात जंगलाकडच्या गावांतल्या बाया चाराच्या बिया घेऊन यायच्या आणि त्या बदल्यात टेलरभाऊंकडून पोलकी शिवून न्यायच्या. त्या बिया जात्यात हलक्या हाताने भरडून चारोळी अख्खी काढायची, हे भाभीचं उन्हाळ्याचं काम. जातं जरा जोरात फिरलं की दाण्याचा चुरा होतो, म्हणून त्या वेळी आम्ही कोणी हसवायचं नाही असा तिचा हुकूम होता. आम्ही अर्थातच हसवायचो.

हरीरा कोणाला किती आणि कसा, याचं तिचं एक शास्त्र होतं. पोट्टं समोर आलं की ती त्याला अंगणात उभं करून वरून खालपर्यंत पाहायची आणि त्याचं ध्यान अंगात कुठे उतरलं आहे ते सांगायची. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्याचं ध्यान पायात, त्याला सुंठ जास्त. खिडकीबाहेर पाहणाऱ्याचं डोळ्यात, त्याला चारोळी जास्त. शेजारच्या घरातलं भांडण ऐकत अभ्यास करणाऱ्याचं कानात, आणि कानातलं ध्यान सगळ्यात कठीण, असं ती मोठ्या डॉक्टरच्या आविर्भावात सांगायची. एकदा शाळेचे एक गुरुजी सदरा शिवायला आले होते. भाभीने त्यांनाही नखशिखांत पाहिलं आणि टेलरभाऊंना म्हणाली, या गुरुजीचं ध्यान पोटात हाय, कंबर जरा ढिली ठेवा. गुरुजी हसले म्हणून बरं. मी आत तोंडात पदर कोंबून बसले होते.

पिण्याचीही रीत होती. भिंतीला पाठ लावून मांडी घालायची, कप दोन्ही हातांत धरायचा, पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत तोंडातून शब्द नाही आणि नजर कपाबाहेर नाही. तळाशी तिने एक अख्खी चारोळी टाकलेली असायची, ती न चावता जिभेवर काढून दाखवायची, तेव्हा कुठे उठायला परवानगी. लेकरं अशी ओळीने मुकाट बसलेली आणि भाभी त्यांच्यासमोर येरझारा घालत अखंड बोलते आहे, हा देखावा मी कित्येक संध्याकाळी पाहिला. रमजानात तिचा रोजा असला तरी लेकरांचा हरीरा चुकायचा नाही. मात्र चाखायचं कोणी? मग समोरून हाक यायची आणि मी पदराला हात पुसत जायची. मी गोड म्हटलं की गोड, मी पातळ म्हटलं की पातळ. "हात माहा, जीभ तुमची," असं ती म्हणायची, आणि पुढे रोजा नसतानाही तीच पद्धत पडली. मी चाखून मान हलवल्याशिवाय गंज खाली उतरत नसे.

गंजापुढून ती एकदाच हलली, तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. चाचणी परीक्षेची सकाळ, गल्लीतली सगळी लेकरं हरीरा पिऊन जाणार, खसखस घालून झाली आणि नेमकी गाडी आली. भाभी पाहून परत आली ती खसखस घातल्याचं विसरून. पुन्हा तितकीच घातली. मी चाखलं तेव्हा मलाही फार गुणाचं वाटलं, दाट, खमंग. दुपारी शाळेतून निरोप आला की तुमच्या गल्लीची लेकरं पेपरवर डोकं ठेवून गाढ झोपली आहेत. आम्ही दोघी धावत गेलो तर खरंच, पंख्याखाली ओळीने माना टाकलेल्या, एकाची लाळ गणिताच्या पेपरावर. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. भाभीने खिडकीतून एकदा सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पण पाय कोणाचाच नाई हालून राह्यला, पाह्यलं?"

टेलरभाऊ गेले त्यानंतर तिच्या मुलाने तिला न्यायला गडचांदूरहून दोन फेऱ्या मारल्या. तो तिथे सिमेंटच्या कारखान्यात आहे. भाभी हलली नाही. इथली लेकरं कोण पाहील, म्हणायची. मग एक दिवस त्याचा फोन आला की पोरीच्या बाईंनी शाळेत बोलावून सांगितलं, हिचं कशात लक्ष नाही, वर्गात बसते आणि बाहेर पाहते. भाभीने त्याच संध्याकाळी गंज घासून पोत्यात बांधला. नातीचं ध्यान बसलं की मी परत येतो, बाई, महिनाभराचं काम हाय, असं सांगून गाडीत बसली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून मला कशाबद्दल तरी सांगत होती, ते अर्धंच ऐकू आलं.

महिन्याचे कितीतरी महिने झाले. मी फोन करायची, ती म्हणायची, अजून नाई बसलं बाई, कधी पायात जाते, कधी डोळ्यात. समोरचं दार बंद. संध्याकाळी हात रिकामे झाले की मी ओट्यावर येऊन बसायची आणि कोणी हाक मारणार नाही हे ठाऊक असूनही चुलीवरची भाजी अर्धवट सोडून यायची. माझी मुलं नागपुरात, फोन करतात, गोड बोलतात. पण दिवसातून एकदा कोणीतरी आपल्या जिभेवर विश्वास ठेवून थांबलेलं असणं, याची सवय किती खोल जाते ते मला तेव्हा कळलं. लेकरं विचारायची, खाला कधी येणार? एकदा मीच हरीरा करून त्यांना दिला. मुकाट प्यायली बिचारी, आणि एकाने कप ठेवताना अगदी मऊ आवाजात म्हटलं, बाई, याच्यात कोणी बोलून नाई राह्यलं. शेवटी यंदा उन्हाळा उतरता उतरता मी ठरवलं, आपणच जायचं आणि तिला घेऊन यायचं. गाडीत चंद्रपूरपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. भाभी, पोरगी आता ठीक आहे, चला.

गडचांदूरच्या त्या घरी पोचले तेव्हा दुपार होती. मुलगा कामावर, सून एका दुकानात कामाला जाते, ती तिकडे, भाभी शेजारी गेलेली. नातीने दार उघडलं, दहा-अकरा वर्षांची, वेणी एका बाजूला सुटलेली. मी एटापल्लीची बाई म्हटल्यावर तिने ओळखलं, पाणी दिलं, दादी येईल म्हणाली आणि परत आपल्या वहीपुढे जाऊन बसली. भागाकार करत होती. बाहेरून दगडाचे ट्रक जात होते, दाराची कडी थरथरत होती, पोरीची मान वर नाही. मी खोकले, नाही. पेला हातातून पडला, तरी नाही. ओठ हलत होते, पेन्सिल चालत होती आणि एकेक गणित संपलं की ती त्याखाली सुरेख रेघ मारत होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मनात म्हटलं, झालं, पिशवी भरायला लावायची आता.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. पोरीने ऐकलं, वही जरा तिरपी केली, पेन्सिल दातात धरली, पाय हलवायला लागली आणि पंख्याकडे पाहत बसली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मी पाहते आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा पाय क्षणभर थांबला. मग पुन्हा हलायला लागला, पण नजर आता माझ्यावर होती. घरात दुपारभर दुसरं माणूस नाही, दादी एटापल्लीला परत गेली की दाराला आतून कडी लावून एकटीने बसायचं, हे त्या नजरेत होतं. भीक मागत नव्हती ती. नुसती पाहत होती.

भाभी आली, मला पाहून रडली, हसली, तीन गोष्टी सुरू केल्या, एकही संपवली नाही. मग नातीच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, पाहा, पायात. किती सुंठ घातली तरी उतरत नाई. आणि एकदम माझा हात धरला. "बाई, माह्याच डोळ्यावर आता मले भरोसा नाई. तुम्ही पाहून सांगा. बसलं म्हणाल तर मी आजच येतो. घर लय याद येते."

वाक्य जिभेवर होतं. चंद्रपूरपासून घोकलेलं. भाभीचा हात माझ्या हातात तसाच गरम, सुंठेचा वास असलेला.

"नाई भाभी," मी म्हटलं. "अजून जरा राह्यलं हाय."

भाभीचा चेहरा उतरला, आणि उतरता उतरता इतका उजळला की मला दुसरीकडे पाहावं लागलं. मले वाटलंच, म्हणत ती दूध तापत ठेवायला उठली. तिला खरं ठाऊक होतं की नाही, ते मी कधी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी मला गाडीवर सोडायला आल्या. गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. धुळीच्या रस्त्याने दोघी परत निघाल्या होत्या. भाभी हातवारे करत काहीतरी सांगत होती, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि ती पोरगी तिच्या तोंडाकडे पाहत अशी चालली होती की समोरचा खड्डाही तिला दिसला नाही. भाभीने तिला दंडाला धरून सावरलं, आणि गोष्ट पुढे चालू झाली. मी खिडकीला कान लावून होते, जणू तिथून ऐकू येणार होतं.