लाल पेटी आणि ओले बोंबील

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक लाल टपालपेटी आहे. ती फायबरची आहे आणि तिच्यातून टपाल कुठेही जात नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात आमच्या तीन इमारतींना ‘अस्सल इंग्लिश उपनगर’ म्हटलं होतं. त्यामुळे एक लाल पेटी, वळणदार दिव्यांचे खांब आणि गच्चीवर तीन धुरांडी एवढं देणं त्याला भाग पडलं. धुरांड्यांखाली शेगडी नाही, पाण्याची टाकी आहे. तिन्ही विंगांना इंग्लंडातल्या परगण्यांची नावं आहेत. ती उच्चारण्याचं धाडस करणारे आमच्यात दोघे आहेत आणि त्या दोघांचे उच्चार जुळत नाहीत. हा प्रश्न रिक्षावाल्यांनी सोडवला. भाईंदर स्टेशनजवळच्या केबिन रोडवर नुसतं ‘लाल डब्बा’ म्हटलं की ते बरोबर आणून सोडतात.

पहिल्याच वर्षी बी विंगमधल्या एका कुटुंबाने मुलाच्या मुंजीच्या पत्रिका त्या पेटीत टाकल्या. मी त्यांना हसले नाही. पेटी लाल असली की तिच्यात पत्र टाकायचं, हे आपल्याला इंग्रजांनीच शिकवलं. मुंजीला अर्धं जेवण उरलं आणि निम्मे नातेवाईक अजून तोंड फिरवतात. शेवटी कुलूप तोडलं, तेव्हा पत्रिकांखाली दोन राख्या आणि एक नोकरीचा अर्जही निघाला. मग नवं कुलूप आलं आणि त्याची किल्ली चेअरमनसाहेबांच्या जुडग्यात गेली.

आमचे चेअरमन निवृत्त अधिकारी आहेत आणि फाटकासमोरच तिसऱ्या मजल्यावर राहतात. ते इंग्लंडला कधी गेलेले नाहीत, त्यामुळे त्या देशाबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, हा नियम त्यांनी ‘तिकडे असं दिसत नाही’ एवढ्या एका वाक्यावर मंजूर करून घेतला होता. मी मात्र नवऱ्यासोबत मुलीकडे पाच महिने राहून आले होते, लंडनपासून दोन तासांवरच्या एका खऱ्याखुऱ्या इंग्लिश उपनगरात. तिथे मी सर्वांत जास्त काय पाहिलं असेल तर कचऱ्याचे डबे. कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, यावर तिथली माणसं जितक्या तळमळीने बोलतात, तितक्या तळमळीने ती दुसऱ्या कशावरच बोलत नाहीत. शेजारचे आजोबा रोज कुंपणापलीकडून मला हवामान सांगायचे. मी त्याच हवेत उभी असायचे, पण ते सांगायचे. पाच महिन्यांत कुणी घरात आलं नाही. मांजर आलं, तेही त्यांचंच. आम्ही रस्त्यावर जरा मोठ्याने बोललो की समोरच्या खिडकीतला पडदा बोटभर हलायचा. यातलं काहीच मला चेअरमनना सांगता आलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

फाटकाबाहेर भेंडीच्या उंच, सावलीच्या झाडाखाली मासेवाली मावशी बसते. समुद्रकाठच्या उत्तनहून बसने येते, स्टेशनचा पूल ओलांडते आणि इकडे पूर्वेला येऊन पाटी उतरवते. आमच्या इमारती उठण्याआधीपासून ती तिथे आहे. एका सकाळी मी बांगडे घ्यायला गेले, तर तिने मला गुडघ्याखाली दुमडून ठेवलेला एक कागद दिला. वॉचमनने तिच्या हातात ठेवलेली नोटीस होती. मी वाचून दाखवली. येत्या एक तारखेपासून फाटकाशी मासेविक्रीस मनाई; कारण, परिसराच्या इंग्लिश वातावरणास ती शोभत नाही.

“ह्ये विलायत कवाशी झालं गो बाय?” ती म्हणाली. “मी बसले तवा हितं चिखल व्हता.”

“दुसरीकडे जागा मिळेल?”

“खंय? बाजारात सासूची जागा सुनंला जाते, भायेरच्याला न्हाय. आन् पाटी घिऊन जिने चढाय ह्यो गुडघा तयार न्हाय.” तिने कोयत्याने बांगड्याचं डोकं उडवलं. “तुज्या साहेबास्नी सांग, मी मासं विकते, वातावरण न्हाय.”

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू मीटिंगमध्ये काही बोलू नकोस.” पाच मिनिटं बांगड्यांकडे बघून तो म्हणाला, “म्हणजे, थोडंसं बोल.”

मीटिंग रविवारी क्लबहाऊसमध्ये झाली. क्लबहाऊस म्हणजे मीटररूमच्या शेजारची खोली. चेअरमननी वासाबद्दल, घोंगावणाऱ्या माश्यांबद्दल आणि फ्लॅटच्या किमतींबद्दल सांगितलं. आपण स्वतः मासे खातो, पण बाजारातून, बंद डब्यातून आणून, असंही सांगितलं. मग माझ्याकडे वळून प्रसन्न हसले.

“वहिनी, तुम्ही तर तिकडे राहून आलात. तुम्हीच सांगा सगळ्यांना. तिकडे कुणी असं दारात येऊन मासे विकतं का?”

“विकतात,” मी म्हटलं.

“दुकानात.”

“रस्त्यावर. दर गुरुवारी मासेवाल्याची गाडी यायची. कोपऱ्यावर उभी राहायची. म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन रांग लावायच्या.”

“क्या बात करते हो, भाभी!” मागून खजिनदार म्हणाले.

“गाडी वेगळी आणि पाटी वेगळी,” चेअरमन म्हणाले. “आणि पुरावा काय?”

पुरावा नवऱ्याच्या फोनमध्ये होता. तिथल्या एका गुलाबी फुलांनी भरलेल्या झाडाखाली त्याने माझा फोटो काढला होता. मी त्यात डोळे मिटलेली आहे, म्हणून तो पुसून टाकायला मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. माझ्या खांद्यामागे पांढरी गाडी स्पष्ट दिसत होती. तिच्यावर मासा रंगवला होता, पुढे तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. चेअरमननी चष्मा वर करून दोन बोटांनी फोटो मोठा केला. मासा पाहिला, म्हाताऱ्या पाहिल्या. मग त्यांचं बोट कोपऱ्यात थांबलं.

“हे कुंपणामागे काय आहे?”

“दोरीवर वाळत घातलेले कपडे. शेजारच्या आजोबांच्या विजारी.”

“मग साहेब,” ए विंगमधून कुणीतरी विचारलं, “आमच्या चड्ड्यांनीच काय पाप केलंय?”

खोली हसण्याने भरून गेली. चेअरमननी टेबल ठोकून विचारलं, तिथल्या रहिवाशांचा ह्या गाडीला आक्षेप कसा नव्हता? तेव्हा मी म्हटलं, “उलट, प्रत्येक चांगल्या वस्तीला स्वतःचा मासेवाला असतो. नसला तर लोकांना ते कमीपणाचं वाटतं.” एवढं एक वाक्य माझं होतं. बाकी सगळं इंग्लंडचं.

तीन दिवसांनी नवी नोटीस लागली. ‘इंग्लिश उपनगरांतील परंपरेस अनुसरून’ बुधवार, शुक्रवार आणि रविवार सकाळी फाटकाशी मासेविक्रीस परवानगी देण्यात येत होती. अट एकच, ग्राहकांनी रांगेत उभं राहावं. मावशीने रांग ऐकली आणि पाटीच उचलली.

“रांगेत मासं कोन घेतं? गिऱ्हाइकानं म्हावऱ्याकडं बघायचं का फुडल्याच्या पाठीकडं?”

दोन्ही बाजूंनी हट्ट होता आणि एक तारीख जवळ येत होती. तोडगा खजिनदारांनी काढला. मागणी आधी चिठ्ठीवर लिहून लाल पेटीत टाकायची. मासे तयार ठेवले की गर्दी नाही, रांग नाही, शिस्तही राहील. प्रश्न उरला किल्लीचा. माशांच्या चिठ्ठ्यांसाठी आठवड्यातून तीनदा पेटी उघडणं चेअरमनना शोभणारं नव्हतं. म्हणून अख्ख्या भाईंदरातल्या त्या एकुलत्या इंग्लिश टपालपेटीची किल्ली मावशीच्या कमरेला गेली.

पहिल्या शुक्रवारी तिने पेटी उघडली, तेव्हा आत अकरा चिठ्ठ्या होत्या. वाचून दाखवायला मी होतेच. वहीची पानं, औषधाच्या पावतीची मागची बाजू, एक कॅलेंडरचा कोपरा. शेवटची मात्र जाड कागदावर, सुवाच्य इंग्रजीत होती. अर्धा किलो ओले बोंबील. खाली फ्लॅट नंबर, आणि कंसात, कृपया गवगवा करू नये.

मी फ्लॅट नंबर अगदी हळू सांगितला.

मावशीने मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि खाडीवरून होडीला हाक मारावी तशी हाक दिली. “ओ साहेब! बोंबील आज न्हाय गावलं! मांदेली हाय, ताजी! दिऊ का?”

तिसऱ्या मजल्यावरचा पडदा बोटभर हलला. खालचं सगळं फाटक वर बघत होतं. मावशीने हाक पुन्हा मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

“द्या. पण साफ करून.”

मावशी खाली बसली आणि तिने कोयता पुढे ओढला.