रांजणावरची मॉनिटर

चौथीत असताना माझ्याएवढं महत्त्वाचं माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरं नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. जिल्हाही नवाच होता आणि माझी मॉनिटरकीही. तोवर आम्ही वहीवर ‘जि. उस्मानाबाद’ लिहायचो. एके दिवशी गुरुजींनी ते खोडून ‘जि. लातूर’ लिहायला लावलं. मी ते वहीवर लिहिलं, दप्तरावर लिहिलं, आणि जागा उरली नाही तेव्हा धाकट्या बहिणीच्या दंडावर लिहिलं.

आमचं गाव जळकोटच्या पुढं. एक ओढा ओलांडला की नांदेड जिल्हा लागायचा. त्या साली ओढ्यात दगडांशिवाय काही नव्हतं. गावच्या विहिरीत टँकर ओतायचे आणि बाया त्यावर तुटून पडायच्या. शाळेच्या रांजणासाठी गुरुजींनी नेम घालून दिला होता, प्रत्येक लेकरानं सकाळी घरून तांब्याभर पाणी आणून त्यात ओतायचं. कोणी आणलं, कोणी नाही, हे बघायला मॉनिटर. रोज सकाळी मी रांजणाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहायचे. दोन वेण्या, एक लाल रिबीन, दुसरी हरवलेली. पण रुबाब असा की तहसीलदारानं बघून शिकावं.

पारावर माणसं बसायची. त्यांच्या तोंडी एकच, “आता आपला जिल्हा येगळा झाला. आता आपलं पाणी आपल्यालाच.” त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र ते जसंच्या तसं शाळेत नेलं.

दिवाळीनंतर ओढ्यापलीकडच्या गावातून एक मुलगी आमच्या वर्गात आली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून ती आमच्या गावात आजीकडं राहिलेली. बारीक, काळीसावळी, डोळे मोठे. तिनं पहिल्या दिवशी तांब्या आणला, रांजणात ओतला आणि दुपारी पाणी प्यायला आली. मी आडवी आले.

“कोणता जिल्हा तुझा?”

“नांदेड.”

“मग हे पाणी तुला न्हाई. हे लातूरचं हाय.”

मला वाटलं ती भांडेल. तिनं मान हलवली आणि गेली. खरं सांगते, तिला ते पटलं होतं. आणि मलाही पटलं होतं, हेच जास्त वाईट. पाण्यावरून कोणाला लांब ठेवायचं हे आम्हाला शाळेत शिकवावं लागत नव्हतं. घरूनच शिकून यायचो. मी फक्त गिऱ्हाईक बदललं.

मग तिचं नाव नांदेडी पडलं. मीच पाडलं. ती धडा वाचायला उभी राहिली की मी मागून तिच्या बोलण्याची नक्कल करायचे आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. आता विचार करते तर ती अगदी आमच्यासारखंच बोलायची. एक कोरडा ओढा बोली काय बदलणार! पण मला ते वेगळं ऐकू यायलाच हवं होतं. महिन्याभरात ती वाचायची बंद झाली. मग बोलायची बंद झाली. सकाळी मात्र तांब्या आणायची, ओतायची, आणि दुपारच्या उन्हात कोरड्या तोंडानं घरी जायची.

एका शुक्रवारी माय विहिरीवरून आली ती हळहळतच.

“म्हातारीची ती ओढ्यापलीकडची नात शाळेला जाईना म्हणतीया. म्हातारी म्हणली, मग आईबापापाशी जा, कोयता धर. उद्या दाखला काढणार.”

“कामून जाईना?” बापूंनी विचारलं.

“सांगंना काहीच. तोंडाला कुलूप लावलंय पोरीनं.”

मी भाकरीत तोंड खुपसलं. कुलूप मी लावलंय असं म्हणायची हिंमत झाली नाही. एवढी मोठी मॉनिटर, आणि आतून मांजराचं पिल्लू.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. शनिवारी पहिली ते चौथी सगळ्या शाळेची बालसभा असायची. ती गुरुजींची आवडती गोष्ट. ते स्वतः शेवटच्या ओळीत लेकरांत मांडी घालून बसायचे. हात वर करेल त्यानं काहीही विचारावं, कोणी हसायचं नाही. अध्यक्ष मॉनिटर. जे बोललं जाईल ते रजिस्टरात लिहायचं, तेही मॉनिटरनंच.

त्या दिवशी तिची आजी दाखल्यासाठी तिला घेऊन आली होती, आणि तिला आत धाडून व्हरांड्यात टेकली होती. सभा सुरू झाली. खिडकीपाशी एक बारीक हात वर गेला. मी छताकडं बघायला लागले.

“अध्यक्षबाई,” मागून गुरुजी म्हणाले, “खिडकीपाशी एक हात वर हाय.”

“दिसला न्हाई गुरुजी.”

“आता दिसला?”

“हाव.”

ती उभी राहिली. महिनाभरानं तिचा आवाज ऐकत होतो आम्ही. हातात फ्रॉकचं टोक गच्च धरलेलं.

“मी नांदेडहून आले. माझा तांब्या रांजणात ओतला की ते पाणी लातूरचं होतं का? झालं, तर मग मी किती दिवसांनी लातूरची होईन?”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी कोणीच हसलं नाही. पहिलीतली एक चिमुरडी तेवढी जोरात म्हणाली, “मॉनिटर तिला पाणी पिऊ देत न्हाई!” आणि मग सगळ्यांनाच वाचा फुटली. हिनं मला चिमटा काढला, हिनं माझी बोरं खाल्ली, हिनं माझं नाव फळ्यावर उगीच लिहिलं. बोरं खरी होती. चिमटेही.

गुरुजींनी छडी उचलली नाही. मला वाटत होतं, उचलावी, सुटका होईल.

“अध्यक्षांनी उत्तर द्यावं,” एवढंच म्हणाले.

“पाणी... मिसळतं,” मी म्हणाले. “येगळं राहत न्हाई.”

“मग लिहा. प्रश्न लिहा, उत्तर लिहा. बाकीच्या तक्रारीही लिहा.”

मी लिहायला बसले. बोरांपाशी आले तेव्हा शाई ओघळली. गुरुजी उठून आले आणि माझ्यापाशी बसले. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी ओंजळ धरायचो, लोक वरून पाणी ओतायचे. मला विचारायचं होतं. हात वर करायची सभा नव्हती.”

मग ते व्हरांड्यात गेले. आजीशी काय बोलले कळलं नाही. म्हातारी दाखला न घेताच उठली एवढं दिसलं. जाताना दारातून माझ्याकडं बघून म्हणाली, “तूच का ती कलेक्टर?”

सोमवारी ती आली. तांब्या ओतला. दुपारी रांजणापाशी आली तेव्हा मी आधीच तांब्या भरून हात पुढं केला होता, चेहऱ्यावर दानशूराचा भाव. तिनं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

“ठेव तो. माझं मी घेते.”

मी बाजूला झाले. तिनं हात घालून स्वतःचा पेला बुडवला आणि सावकाश, घोट घोट घेत प्याली. मग पुन्हा बुडवला.