सुई न देणारी बाई

काल इन्शुलिन टोचायच्या आधी पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी थेट कर्जतच्या त्या जुन्या दवाखान्यात जाऊन बसले.

तेव्हा मी मानसशास्त्रात एम.ए. होऊन तिथे नुकती लागले होते. मनोविकारांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा मुंबईहून यायचे. ते आधी एमबीबीएस झालेले, त्यामुळे औषध आणि सुई त्यांच्या हातात, आणि फीही त्यांचीच. मला मिळायचं त्यात खोलीचं भाडं आणि खानावळ कशीबशी भागायची. माझं काम पेशंटशी बोलण्याचं.

एकदा कळंबची एक बाई माझ्यासमोर बराच वेळ बोलली. धाकटा मुलगा गेल्यापासून झोप लागत नव्हती, भाताच्या खाचरात उतरलं की पाय थरथरायचे. बोलता बोलता ती रडली. मी मन लावून ऐकलं. मग पदरानं डोळे पुसत ती उठली.

"सुई देनारे डाक्टर कुटं बसतात गं?"

"आतल्या खोलीत. पण इतका वेळ मी तुमच्यावर उपचारच करत होते."

"मला काय ठावं? पोर एकटीच बसलेली दिसली, म्हटलं बोलावं जरा तिच्याशी."

मला राग आला होता. एवढं शिकून हेच का, असं वाटलं. ती मात्र सुई घेऊन परत आली आणि एसटी येईपर्यंत दंड चोळत माझ्याशेजारी बसून राहिली.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्या गावात माझ्यासाठी म्हणून बसलेली ती एकटीच.