रक्ताची झाडलोट

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुकादमांना सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तपासणीला आलेल्या साहेबाला बोट ठेवायला जागा सापडली असेल, तर शपथ! साहेब येणार असं पत्र आलं की मुकादम कंबर कसायचे. कळकट कढया माळ्यावर, चकचकीत कढया खाली, झुरळांना आठ दिवसांची रजा. साहेब खूश होऊन सही करायचे आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कढया परत शेगडीवर. यात काही वावगं आहे, हे मुकादमांच्या गावीही नव्हतं.

थोरला भाऊ हृदयविकारानं अचानक गेला, तेव्हा बायकोनं त्यांना धरूनच डॉक्टरांकडे नेलं. कोलेस्टेरॉलची तपासणी तीन आठवड्यांनी ठरली. डॉक्टर म्हणाले, "रोजचं खाणं बदलू नका. फक्त आदल्या रात्रीपासून बारा तास पाण्याशिवाय काही नको."

मुकादमांच्या कानात शिरलं ते एवढंच, की तपासणी आहे. झालं! लोणी बंद, तळण बंद, अंड्याकडे बघणंसुद्धा बंद. दोन्ही वेळचं जेवण कामावरच असल्यामुळे घरी कुणाला पत्ता नाही. उकडलेला भोपळा गिळणाऱ्या मुकादमांना बघून आचारी हबकला. "मुकादम, बरं वाटत नाही का?"

"गप रे. एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे. मग आहेच आपलं लोणी."

रिपोर्ट असा आला की डॉक्टरांनी पाठ थोपटली. "गोळीची गरज नाही. चाललंय तसंच चालू द्या."

मुकादम मिशीतल्या मिशीत हसत बाहेर पडले. जिन्यात बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला आणि ती रडायलाच लागली. "महिनाभर जिवाला घोर होता हो. भाऊजींनी वेळेवर तपासून घेतलं असतं तर आज ते असते."

मुकादमांचं हसू कुठल्या कुठे गेलं. रक्तात खरं काय चाललंय, ते आता त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"अगं," ते चाचरत म्हणाले, "मी त्या डॉक्टरांना फसवलंय." आणि भोपळ्यापासून सगळं सांगून टाकलं.

तिनं डोळे पुसले.

"डॉक्टरांना?" ती म्हणाली. "मरणार कोण होतं, डॉक्टर?"