ज्वालामुखी दरीतला नारळ

कातळकोंडच्या दत्तप्रसादला उंचीचं भय आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत आहे, हे मात्र एकट्या दत्तप्रसादला माहीत नव्हतं.

मुंबईत त्याने नोकरी केली ती गोदामात, तळमजल्यावर. राहिला तोही तळमजल्यावर. वर म्हणायचा, "खालच्या घरात वारो बरो येता." गावी आल्यावर घराची कौलं परतायची वेळ आली की छपरावर चढायची त्याची बायको किशोरी, पदर खोचून. हा खाली शिडी धरून उभा, डोळे गच्च मिटून. कुणी विचारलंच तर, "कचरो पडता रे डोळ्यांत." कचरा दरवर्षी पडायचा, तोसुद्धा दोन्ही डोळ्यांत.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर धंदा काढला तो डोंगर दाखवायचा.

त्याला कारण होतं मालवण. किशोरी मालवणची. तिचा भाऊ सुदेश तिथे पर्यटकांना बोटीतून समुद्र दाखवायचा, आणि भावोजींना दर भेटीत विचारायचा, "भावोजीनू, तुमच्या डोंगरात बघूसारख्या काय आसा? दगडच मां?" हे दगड दत्तप्रसादला फार लागले. त्यातच कुठल्याशा कॉलेजची सहल वैभववाडीहून दरीत आली आणि त्यांचे सर बोलून गेले, की हा सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. दत्तप्रसादने तेवढंच उचललं. आठवडाभरात नाक्यावर पाटी लागली: 'ज्वालामुखी दरी. धबधबा, घाटवाट, देवाचं टाकं. घरगुती जेवण.'

गावाची करमणूक झाली. वैभववाडीच्या बाजारात लोक विचारू लागले, धूर कधी सुटतो. गावकर महादू, म्हणजे देवळात गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान ज्याचा, तो तर पाटीखाली उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "ज्वालामुखी बघूक पाटी कित्याक होयी? दत्तोच्या घरात सकाळी जावा, किशोरी चुलीकडे आसताच."

किशोरीने ते ऐकलं आणि महादूचा आपल्या घरचा सकाळचा चहा बंद केला. इथूनच पुढचं सगळं घडलं, असं काही जण म्हणतात.

धंदा सुरू करायचा तर देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायला हवं. देवळात माणसं जमली. देवापुढे नारळ ठेवून महादूने खणखणीत आवाज लावला आणि प्रत्येक वाक्याला गावाने आपला होकार दिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आज नवो धंदो मांडल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या दारात पावण्यांची रीघ लाव!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या गाडयेंक, पोरांटोरांक सुखरूप ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पयले पावणे इले की तेंच्यावांगडा दत्तो सोताच्या पायान टाक्यार चढतलो, आणि थंय तुका नारळ देतलो!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्या आवाजात ओरडला तो दत्तप्रसाद. बिचारा मान खाली घालून, पाहुण्यांच्या गाड्या कुठल्या माडाखाली लावाव्या याचा विचार करत होता. गाऱ्हाण्यात कोण ऐकतो? लहानपणापासून जिभेला वळण लागलेलं असतं, महादू श्वास घ्यायला थांबला की आपण ओरडायचं.

आपण काय कबूल केलं ते त्याला कळलं प्रसादाचं खोबरं तोंडात गेल्यावर. देवाचं टाकं म्हणजे पार वर, कड्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं कुंड. देवळात, देवासमोर, सगळ्या गावाच्या साक्षीने बोललेलं. ते मोडलं तर गाव त्या वाटेवर पाहुण्याला पाऊल टाकू देणार नाही, आणि दत्तप्रसादला चव्हाट्यावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. महादू मिशीत हसत होता. हा महादू स्वतः कित्येक वर्षांत देवळाच्या पायरीपेक्षा उंच चढलेला नव्हता, पण गावकराला कोण विचारणार?

दत्तप्रसादला एकच आशा होती, पाहुणे येणारच नाहीत. पाटी लावणाऱ्याने रोज सकाळी देवाला हात जोडून गिऱ्हाईक येऊ नये म्हणून विनवावं, असं त्या दरीत पहिल्यांदाच घडत होतं.

आणि ऑक्टोबरात समुद्र खवळला. मालवणात बोटी बंद. किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं खोल्यांत बसून कंटाळली. सुदेशचा फोन आला, "भावोजीनू, दोन गाडये धाडतंय. तुमचो ज्वालामुखी पेटवन ठेवा!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे उतरले. त्यांच्यात कोल्हापूरला भूगोल शिकवणारी तेजस्वी नावाची एक मुलगी होती. तिने कड्याकडे पाहिलं आणि दत्तप्रसादची पाटीच पास करून टाकली. "काका, खरंच आहे हो! ते बघा थर. एकावर एक गोधड्या रचल्यासारखे. प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोट." दत्तप्रसादने छाती फुगवून महादूकडे पाहिलं. महादूने गोड हसून नारळ त्याच्या हातात दिला. "चल रे दत्तो. आमी हंयच देवळाकडे बसतों. वयसून हाक मारलंस की खाली ऐकाक येताच."

ते खरं होतं. दरीच वाटीसारखी, वर टाक्यावर खोकलात तरी खाली देवळात कळतं.

निघताना किशोरीनेही चपला पायात सरकवल्या. "तू खंय?" दत्तप्रसाद दचकला.

"नारळ तुमी देतलात. पण पावण्यांक पाणी कोण देतला?"

धबधब्यापर्यंत दत्तप्रसाद राजा होता. आंघोळी झाल्या, फोटो झाले, कुठल्या डोहात कोणता मासा कसा धरला याच्या गजाली झाल्या. रानातून वाट चढू लागली तसा तोंडाचा पट्टा आणखी सुटला. एका हातात वेली, एका हातात नारळ, आणि जिभेवर त्याच्या आजोबांनी पाहिलेला वाघ. तो वाघ प्रत्येक वळणावर थोडा थोडा मोठा होत होता.

मग फळी आली.

फळी म्हणजे कड्याच्या पोटातून गेलेली चिंचोळी वाट. उजव्या अंगाला काळा कातळ, डाव्या अंगाला नुसता वारा. रुंदी बैलगाडीच्या निम्मी, चालायला तशी सोपी. गावातल्या म्हाताऱ्या इथून टोपल्या घेऊन गेल्यात. पण दत्तप्रसादने डावीकडे एकदा पाहिलं. खाली देवळाचं छप्पर सुपारीएवढं दिसत होतं. वाघ अर्ध्यातच थांबला.

"काका, मग वाघाने काय केलं?" तेजस्वीने विचारलं.

काका कातळाला पाठ लावून उभे होते. डोळे मिटलेले. नारळ छातीशी. मागे पाहुण्यांची रांग खोळंबली. आता परत फिरायचं, हे त्याच्या मनाने जवळजवळ ठरवलं होतं. महादूचं ते गोड हसू डोळ्यांपुढे आलं, तरी पाय उचलेना.

रांगेतून किशोरी पुढे आली. नवऱ्याकडे तिने नीट पाहिलं. धीर वगैरे काही दिला नाही. सहज, भाजी निवडताना बोलावं तसं पाहुण्यांना म्हणाली, "आमच्या मांडवपरतणाक माज्या बापाशीन ह्येंका सरंगो खावक घातलो. एवढो मोठो. तरी ह्येंच्या माणसांका चव नाय."

दत्तप्रसादचे डोळे खाडकन उघडले.

लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जेवतो, त्या जेवणाचा हा वाद: पानातला मासा महागाचा पांढरा सरंगा होता, की स्वस्तातला काळा हलवा. चाळीस वर्षं जुना, पण रोज ताजा.

"सरंगो? हलवो होतो तो!"

"सरंगो."

"हलवो! काळो कुळकुळीत हलवो! तुज्या बापाशीन सरंगो म्हणान माज्या पानात वाढल्यान!" आणि तिच्याकडे वळायला त्याने एक पाऊल टाकलं, कारण किशोरी बोलता बोलता त्याला ओलांडून फळीवर पुढे निघाली होती.

"डोंगरातल्या माणसांका मासो काय कळता? तुमच्या आवशीन इचारल्यान, ह्येका काटे कित्याक?"

"माज्या आवशीक मधी हाडू नको, किशोरी!" आईचं नाव निघताच दुसरं पाऊल. तिसरं. "ताटातल्या माश्याची कातडी बघितलेली हा मी! थांब गो! पळतंस खंय?"

"सरंगो," ती मागे न पाहता म्हणाली.

"हलवो!" तो तिच्या मागे धावला. धावला म्हणजे अक्षरशः, फळीवरून, नारळ हवेत नाचवत. पाहुणे तोंडात पदर आणि रुमाल कोंबून मागोमाग. सासऱ्याचा, मेव्हण्याचा आणि मालवणच्या सगळ्या मासळी बाजाराचा उद्धार करून झाला तेव्हा दत्तप्रसादच्या पायाला गार पाणी लागलं. तो टाक्यात उभा होता.

त्याने मागे पाहिलं. फळी मागे होती. सगळी.

तो पाण्यातून बाहेर आला. मग टाक्याच्या काठावर गेला, अगदी टोकाला, आणि डोळे उघडे ठेवून खाली पाहिलं. भाताची पिवळी खाचरं, नदीचा दोरा, आणि देवळाकडे मुंग्यांएवढा गाव. नारळ त्याने असा आपटला की पाणी तेजस्वीच्या चष्म्यावर उडालं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा दत्तप्रसादने स्वतः गाऱ्हाणं घातलं, दरी दणाणून.

"बा देवा म्हाराजा! बोललेलो नारळ दिलो!"

खालून गाव गरजला, "व्हय म्हाराजा!"

"ही वाट सगळ्या पावण्यांक उघडी कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि फुडले पावणे इले की नारळ घेवन गावकर म्हादू सोताच्या पायान हंयसर चढतलो!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्यात एक आवाज सगळ्यांत खणखणीत होता. सवयीचा. ओळखीचा. त्यानंतर खाली जो हशा उसळला, तो वर टाक्यावर स्पष्ट ऐकू आला. महादूचे गुडघे तेव्हापासूनच दुखायला लागले, असं त्याची बायको सांगते.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तप्रसाद काठावर पाय सोडून बसला, किशोरीने पुढे केलेलं खोबरं चघळत, या दरीचा मालक असल्यासारखा. मग हळूच तिच्याकडे झुकला.

"आता खरा सांग गो. हलवोच होतो मां?"

किशोरीने फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"खाली उतारताना सांगतंय," ती म्हणाली, आणि चालू लागली.