डाव्या हाताचं बोट

इथे परदेशात, तुआसला, आमच्या जहाजबांधणीच्या यार्डाच्या गेटजवळ एक फलक आहे. अपघाताविना किती दिवस गेले, त्याचा आकडा त्यावर असतो. तो शून्यावर येऊ न देण्याचं काम माझ्याकडे होतं.

एका दुपारी दोन लोखंडी प्लेटांमध्ये एका फिटरचं बोट चेमटलं. तो कराडकडचा. यार्डात मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून वरच्या साहेबांनी मला पाठवलं. "तुमचा माणूस आहे, तुम्हीच समजवा."

मी समजावलं. दवाखान्यात गेलास तर डॉक्टर रजा लिहील, रजा लिहिली की अपघाताची नोंद होईल, मग चौकशी, आणि मग तुझं इथे काम करायचं परमिट वाढेलच असं नाही. ते परमिटचं मी पदरचं घातलं होतं. "इथेच पट्टी बांधू. चार दिवस स्टोअरमध्ये बसून राहा. आपल्या माणसाला मी वाईट सांगेन का?"

"तुमी म्हंता तसं, साहेब." वर त्यानेच मला हसवलं. "डाव्या हाताचं तर हाय. मतदानाची शाई लावायला लागतंय तेवढं."

पाचव्या दिवशी बोट काळं पडलं. तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. 'खोलीवर दारात सापडलं' असं सांगायचं, हेही मीच त्याला वाटेत पढवलं. बोट मुळापासून कापावं लागलं. फलकावरचा आकडा वाढत राहिला. मुदत संपल्यावर कंपनीने त्याचं परमिट वाढवलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याचा गावाहून फोन आला. आता शाई दुसऱ्या बोटाला लावली म्हणून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, हितं एमआयडीसीत कामाला गेलं की इचारत्यात, बोट कशानं गेलं? दारू पिऊन मारामारी केली आसंल म्हंत्यात, आन् माघारी धाडत्यात. बोट तितं कामावर आसताना गेलं, एवढं कागदावर लिहून द्या की."

"बघतो," मी म्हणालो.

"तुमी बघताय म्हंजे झालंच." फोन ठेवता ठेवता तो बायकोला सांगत होता, "साहेब देत्यात कागद."

दोन ओळींचा तर कागद. रोज सकाळी मी त्या फलकासमोरून आत जातो, आणि संध्याकाळी तो कागद न लिहिताच घरी येतो.