तिथीने तीन, तारखेने दोन

मी उठलो तर खुर्चीही माझ्यासोबत उठली.

मोठ्या माणसासाठीची एकुलती एक खुर्ची शाळेच्या संध्याताईंनी माझ्यासाठी पुसून ठेवली होती. पण "नको, मी मुलांमध्येच बसतो" असं म्हणत मी मोठेपणा दाखवला आणि नर्सरीच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत स्वतःला घातलं. आता निघता येईना. निरीक्षणाला आलेला अधिकारी, हातात फाईल, मागे खुर्ची. मुलं खूश. शेवटी एका चिमुरडीने पुढे येऊन दोन्ही हातांनी खुर्ची ओढली आणि मी पुन्हा शासकीय सेवेत रुजू झालो.

उपकार झाला म्हणून तिचं नाव विचारलं. गार्गी. मग, सवयीने, वय विचारलं.

"आजीकडे तीन," ती म्हणाली, "मम्मीकडे दोन."

संध्याताईंचा चेहरा पाहिला आणि वाटलं, खुर्चीतच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

माझं काम थोडक्यात सांगतो. मी जबलपूरला शिक्षण खात्यात आहे. खाजगी नर्सरी चालवायची तर मान्यता लागते. ती देण्याआधी मी जाऊन खोल्या, संडास, फाटक आणि मुलांची वयं पाहून येतो. नर्सरीसाठी मुलाला एका ठरलेल्या तारखेपर्यंत तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तिला आम्ही कट-ऑफ म्हणतो. एक जरी मूल त्याहून लहान निघालं तरी फाईल अडकते. आणि फाईल अडकली की संध्याताईंची शाळा बंद. खमरियाच्या रस्त्यावरच्या घराची पुढची खोली, म्हणजे ही शाळा. त्यांचं घर त्याच्यावरच चालतं.

गार्गीचा जन्मदाखला मागवला. कट-ऑफच्या दुसऱ्या दिवशी तिला तीन पूर्ण होत होती.

"ताई, नाव घालताना दाखला नाही पाहिला?"

"पाहायचा कशाला, भाऊ? वाढदिवसाला मीच तर गेली होती. आजीने पाटावर बसवलं, औक्षण केलं. मी शिरा खाऊन आली आन् दुसऱ्या दिवशी, म्हणजे कालच, नाव घातलं."

आजीने वाढदिवस तिथीने केला होता. तिथी त्या वर्षी तारखेच्या दोन-तीन दिवस आधी आली आणि कट-ऑफ नेमका त्या दोघींच्या मधे पडला. ही चूक शहरातल्या इतर कुठल्या शाळेत झाली नसती. या हिंदी गावात आमच्यातल्याच मराठी बाई, आमच्यातलीच आजी, आणि निरीक्षकही आमच्यातलाच. दाखला हातात असूनही क्षणभर मला वाटलं, तिथीने तर झालीच की तीन.

साहेबांना फोन केला.

"देशकर जी," ते म्हणाले, "सरकार पंचांग देखकर चलती है क्या? नाम हटाइए।"

नाव काढणं सोपं होतं. पण गार्गीची आई कारखान्यात होती. नवरा वारल्यावर त्याच्या जागी मिळालेली नोकरी, अजून पक्की नाही. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं, धावत्या पोरीमागे जाणं तिच्याने होत नाही. संध्याताई हळूच म्हणाल्या, "पोरीला घरी बसवलं तर मायला नोकरी सोडा लागन. मग मी काहून मान्यता घेऊन राहिली?"

मी घरी नियम काढून बसलो. कट-ऑफला तीन पूर्ण न झालेलं मूल त्या वर्षी शाळेत चालत नाही. पाळणाघरात चालतं. पाळणाघर दुसऱ्या खात्याकडे आहे, त्याची परवानगी वेगळी. संध्याताईंची आतली खोली रिकामीच होती. नर्सरीतून गार्गीचं नाव काढलं, पाळणाघराचा अर्ज दिला. परवानगी यायला महिना लागला. आईने मिळाली तेवढी रजा काढली, आणि रजा संपली तशी शेजारणींना हात जोडले.

मग साहेब स्वतः पाहायला आले. मी उभाच राहिलो. त्यांनी मुलांना विचारलं, कविता कोण म्हणेल? मुलं साहेबांच्या मिशीकडे पाहत बसली. आतल्या खोलीतून मात्र खणखणीत आवाजात कविता सुरू झाली, ती थेट शेवटच्या कडव्यापर्यंत गेली.

"यह कौन है?"

"दूसरे विभाग की है, सर।"

साहेबांनी दोन खोल्यांमधल्या उघड्या दाराकडे पाहिलं. "यह दरवाज़ा बंद नहीं होता?"

"बारिश में फूल जाता है, सर।"

नियमात दाराबद्दल काही नव्हतं. साहेबांनी फाईल मांडीवर ठेवून सही केली. शाळेला मान्यता मिळाली, आईची नोकरी राहिली. गार्गी पुढच्या वर्षी रीतसर नर्सरीत येईल आणि पाठ झालेलं सगळं पुन्हा शिकेल. मी यातून घेतला तो धडा एवढाच, की निरीक्षणाला गेल्यावर बसू नये.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"म्हणजे सरकार तिथी मानत नाही."

"अजिबात नाही."

"तुमची रिटायरमेंटही तारखेनेच होणार?"

"तारखेनेच."

"बरं आहे," ती म्हणाली. "तिथीने असती तर दोन-तीन दिवस आधीच घरी येऊन बसले असते."